लिंबासहित सापडलेले नऊ हजार चारशे

कुरुंदा,
शनिवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ति. प्रेमाआत्या,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो. डाव्या पायावर जरा हळू ठेवतो, कारण त्या गुडघ्यात पाणी झालंय असं आई म्हणत होती. मामांची शुगर कशी आहे? बिनसाखरेच्या च्यासंगं चार गोड बिस्किटं खायची त्यांची पद्धत अजून चालूच आहे का? इकडं सगळे खुशाल आहेत. म्हणजे आई खुशाल, तुझे भाऊ म्हणजे आमचे दादा खुशाल, आणि मी गावात चोर म्हणून नावारूपाला आलोय. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि तुझ्या शेजारणी मधी मधी 'अगं बाई' करतात, त्यानं माझं सांगायचं तुटतं. म्हणून लिहून राहिलो. चष्मा लाव आणि बसून वाच.

आधी तुझ्यावरच राग काढतो, कारण सुरुवात तुझ्यापासूनच आहे. मी सात वर्षांचा असताना औंढ्याच्या यात्रेत मला वीसची नोट सापडली होती. तू माझा कान धरून बांगड्यांच्या, रेवड्यांच्या, पिपाण्यांच्या सगळ्या दुकानांवर नेलंस आणि 'ही कुणाची, ही कुणाची' म्हणून इचारत फिरवलंस. शेवटी एका रेवडीवाल्यानं नोटंकडं न बघताच 'माझीच' म्हणलं, अन् तू देऊन टाकलीस! वर मला सांगितलंस, सापडलेला पैसा म्हणजे कुणाच्यातरी ताटातली भाकर. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आडवं पडलंय. ते नसतं तर आज मी गावात मान वर करून फिरलो असतो.

तर गेल्या अमावस्येची गोष्ट. आपल्या झेरॉक्सच्या दुकानापुढं तीन रस्ते मिळतात, तो तिवठा तुला माहीतच आहे. तिथंच काळीपिवळी जीप थांबते. सकाळी शटर वर केलं तर तिवठ्याच्या मधोमध एक पुरचुंडी. लाल कापड, त्याला सेफ्टी पिन, एका अंगानं हळकुंड बाहेर आलेलं, दुसऱ्या अंगानं लिंबू. अमावस्या, तिवठा, लाल कापड, लिंबू, हळद. आता तुला वेगळं काय सांगायचं. लोकांनी ठरवून टाकलं की हा उतारा आहे, कुणीतरी आपल्या घरची पीडा उतरवून इथं टाकली आणि जो ओलांडंल त्याच्या मागं ती लागंल. मोटारसायकली नालीत जाता जाता वळसा घालू लागल्या. जीपवाल्यानं थांबा वीस पावलं मागं नेला. एकानं लांबूनच कुंकू फेकलं. दुसऱ्यानं उदबत्ती लावली, तीबी काठीला बांधून पुढं सरकवली. म्हणजे त्या बिचाऱ्या पुरचुंडीत जे कमी होतं ते गावानं वर्गणी केल्यासारखं पुरं केलं.

आणि आत्या, कापडाच्या फटीतून पाचशेची नोट सरळ दिसत होती! हेच गाव आहे बरं का. गेल्या श्रावणात माझ्या दुकानात एक छत्री राहिली, तर तिला पाच मालक आले. त्यातल्या दोघांनी रंगबी चुकीचा सांगितला (एकजण म्हणला, पावसात रंग गेला असंल). आणि इथं पाचशेची नोट पाच तास उघड्यावर पडून, कुणी बोट लावंना. बाहेरगावचा माणूस आला असता तर म्हणला असता, काय इमानदार गाव आहे. कशाचं इमान! नुसतं भ्या. चोरापासून पैसा राखायला कुलूप कशाला पाहिजे, एक लिंबू बस आहे.

बारा वाजता माझं डोकं सरकलं. मी बी.एस्सी. झालेला माणूस (केमिस्ट्री राहिली होती, पण नंतर निघाली). सरळ गेलो आणि उचललं. माणसं अशी पांगली जसा काही मोकाट वळूच गर्दीत घुसला. आपले उद्धवकाका, तेच रिटायर जमादार, ज्यांनी तीस वर्षं चोर पकडले म्हणून सांगतात, ते पानटपरीमागं जाऊन तिथून मला 'टाक ते, टाक!' म्हणून हुकूम सोडून राहिले होते. मोजले तर नऊ हजार चारशे, आणि सगळ्या नोटा हळदीनं पिवळ्याधमक.

घरी आलो तर आईनं अंगणातच अडवलं. गोमूत्र, मीठ, मोहऱ्या, दोनदा अंघोळ. दादा म्हणले, उद्या पहाटे औंढ्याला जा आणि नागनाथाच्या पेटीत टाकून ये. मी म्हणलं, ज्याचे हरवले त्याला काहून इचारायचं न्हाई? तर म्हणले, देवाला सगळं चालतं. आपल्याला हातात धरवत न्हाई ते देवाला चालतं, ही कुठली भक्ती? मी न्हाई गेलो. दुकानावर कागद लावला, मोठ्या अक्षरात: पैसे सापडले आहेत, खूण सांगून घेऊन जा.

अकरा दिवस एक माणूस आला न्हाई. म्हणजे मालक म्हणून आला न्हाई, सल्ला द्यायला सगळे आले. (आले म्हणजे रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले.) कुणी म्हणलं नदीत सोड. कुणी म्हणलं गाव-पंगत कर, अन्नदानानं दोष जातो. म्हणजे पैसा हातात घ्यायचा न्हाई, पण त्याचं वरण-बट्टी पोटात घ्यायची! बाजूचा पिंटू पंक्चरवाला मागच्या दारानं येऊन कानात सांगून गेला की त्याच्या वळखीचा एक माणूस दोष काढून देतो, निम्मे त्याचे, निम्मे आपले. म्हणलं, आपले म्हणजे कुणाचे? तर म्हणला, 'आता तू एकटाच खाणार का?' उद्धवकाकांनी तर कायदाच सांगितला, की सापडलेला पैसा ठेवणं गुन्हा आहे. मी म्हणलं, बराबर, मंग चला, चौकीत जमा करू, तुमी साक्षीदार व्हा. तर त्यांच्या कंबरेत कळ निघाली.

माझी गिऱ्हाइकंबी तुटली, हे मुद्दाम लिहितो. लोक आधारकार्ड खिडकीतून काठीवर धरून देतात आणि झेरॉक्सचे पैसे लांबून फेकतात. ते वेचायला मी वाकतो. मला सांग, गुन्हा काय माझा? मी दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याला द्यायचा म्हणलो, एवढाच ना? इतकी तकलीफ तर चोरी करणाराला बी होत न्हाई.

बाराव्या दिवशी भर उन्हात मोतीबाई आली. तांड्यावरची, हळद काढायच्या टोळीत जाते ती. राशनकार्डाची झेरॉक्स मागितली. मी काढून दिली. ती जाईना. मंग हळूच म्हणली, 'पिनंला निळा दोरा हाय. एका दोनशेच्या नोटंला चिकटपट्टी हाय.'

मी ड्रॉवर उघडून बघितलं. निळा दोरा. चिकटपट्टी.

आत्या, मला इतका राग आला की मी तिच्यावरच वरडलो. 'बारा दिवस काहून आली न्हाईस, मावशी? अन् हे लिंबू, हे हळकुंड काय लावलंय?'

ती म्हणली, 'लिंबू मला जीपमदी उलटी होती म्हून, वास घ्याया. हळकुंड खोकल्याचं. कापड माझ्या जुन्या चोळीचं. नोटा पिवळ्या न्हाई व्हनार तं काय, महिनाभर हळदीतच हात हायेत. अमावस्येला टोळीला सुट्टी, म्हून पैसे घेऊन पोरीकडं निघाले व्हते. जीपमदी चढताना पडले.'

'मंग त्याच दिवशी यायचं!'

'आले व्हते की. वसमतच्या अलीकडं कमरंला हात लावला तं पुरचुंडी न्हाई. तशीच म्हागारी आले. तू उचललंस तवा मी गर्दीतच हुबी व्हते. माझ्याच पुरचुंडीवर कुंकू, माझ्याच पैशाला उदबत्ती! अन् बाजूचा माणूस म्हणून ऱ्हायला, जिनं ही करणी केली ती बाई घावली तर झाडाला बांधू. मंग मी काय म्हणू, मीच ती बाई?'

मंग मला पुन्हा जोर आला. म्हणलं, चल, आत्ताच्या आत्ता तिवठ्यावर उभं राहून सांगतो सगळ्यांना, लाज वाटली पाहिजे एकेकाला. मी स्टूलबी बाहेर काढलं होतं. तिनं स्टूल धरलं. म्हणली, 'तुझं भाषण व्हईल, दादा. लोक टाळ्या वाजवतील, न्हाईतर न्हाई वाजवणार. तू घरी जाऊन जेवशील. मला उद्या टोळीत कोन घेईल? शेजारचं एखादं लेकरू आजारी पडलं की माझ्याच दाराकडं बघतील.'

यावर बी.एस्सी.त काही शिकवलेलं न्हाई. स्टूल आत घेतलं.

तिची पोरगी रीता तुमच्याच नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलची फी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देत न्हाईत, आणि परवा सोमवारी शेवटची तारीख. ते पैसे म्हणजे हे पैसे. मी म्हणलं, मंग ने की. तर म्हणली, ह्या नोटा मी कुठं काढू? पिवळी नोट दिसली की गावातला किराणावाला बी वळखतो. तिला करणीचं भ्या न्हाई गं, आत्या. तिला वळखलं जायचं भ्या आहे. मी म्हणलं मी बदलून देतो, आणि इथून पुढं माझा जो अपमान झाला तो नीट वाच. किराणावाल्यानं नोट बघून दुकान अर्धं बंद केलं. पंपावरच्या पोरानं सांगितलं, पेट्रोल फुकट ने पण ही नोट न्हाई. (फुकट काही दिलं न्हाई.) बँकेच्या मशीननं तीन वेळा बाहेर फेकल्या. मागं रांगेतली बाई म्हणली, बघा, मशीनला बी कळतं!

आता खरी आग कशाची आहे ते सांगतो. पैसे मोतीबाईचे आहेत हे मी कुणाला सांगू शकत न्हाई. म्हणून दुकानावरचा कागद काढला. कागद काढला तसं गावानं ठरवलं की स्वानंदनं पैसे हाणले. जे अकरा दिवस म्हणत होते 'टाक ते', तेच आता म्हणून राहिलेत, 'एवढा शिकलेला पोरगा, पण नऊ हजारात घसरला.' पिंटू तर माझ्याशी बोलतच न्हाई, त्याला वाटतं मी त्याचे निम्मे खाल्ले. दादा जेवताना माझ्याकडं बघत न्हाईत. मी त्यांनाबी काही सांगितलेलं न्हाई, कारण दादांच्या पोटात गोष्ट आरती होईस्तोवरच टिकते. पैसा ठेवून घेतला असता तर चोर, आणि परत दिला तर पक्का चोर. अख्ख्या गावात सरळ वागणारा मी एकटा, आणि तोंड लपवून फिरणारा बी मीच. तूच सांग, हा न्याय आहे का?

मामांना नमस्कार. गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

तुझाच भाचा (अजून तरी),
स्वानंद

ता. क. सोबतच्या जाड पाकिटात त्या पिवळ्या नोटा आहेत. घाबरू नको. पाकीट उघडायच्या आधी हे वाचशील या हिशोबानं वर काही लिहिलं न्हाई. मला माहीत आहे तू अजून रस्त्यातलं लिंबू दिसलं की फुटपाथ बदलतेस, पण हे लिंबू उलटीचं होतं. त्यांच्या बदल्यात तू तेवढ्याच चांगल्या नोटा द्यायच्या आहेत. नांदेडात ह्या नोटा चालल्या असत्या, पण त्या कॉलेजात फी घेणारा कारकून आपल्या गावचा जावई निघाला, आणि ही गोष्ट सासुरवाडीहून त्याच्यापर्यंत पोचलेली आहे. माझ्याकडच्या नोटा दिल्या असत्या, तर माझ्याकडं लांबून फेकलेली चिल्लर सोडली तर सगळं मोबाइलच्या स्कॅनरवर येतं आणि येताच प्रिंटरच्या हप्त्यात जातं.

ता. क. दुसरा. मोजशील तर सात हजार सातशे भरतील. वर मी स्वतःला अख्ख्या गावात सरळ वागणारा एकटा असं म्हणलं, ते अकराव्या दिवसापर्यंत बराबर होतं. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी असा इचार केला की गिऱ्हाइकं तुटली ती या पैशामुळंच, तर नुकसानभरपाई या पैशातूनच निघाली पाहिजे. त्यावेळी तो मला फार नीट इचार वाटला. टोनर आणला. हिंगोलीच्या दुकानदारानं नोटा गपकन घेतल्या, त्याला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोतीबाई आली. तिला मी पैसे मोजून दाखवले न्हाईत. 'आहे तसे आहेत' म्हणलं, आणि तिनं इश्वास ठेवला. वरचे सतराशे तू तुझे घाल. मी दिवाळीपर्यंत फेडतो. दादांना हे कळू देऊ नको, न्हाईतर जेवताना माझ्याकडं बघत न्हाईत ते बराबरच निघंल.

ता. क. तिसरा. हे पत्र घेऊन आलेली पोरगी, जिला तू 'कोण पाहिजे' म्हणून दारातच उभी ठेवली असशील, तीच रीता. शनिवार-रविवार घरी आली होती, होस्टेलवर परत चालली. इतका वेळ ती तुझ्या तोंडाकडं बघत उभी असंल, म्हणून कपाळाच्या आठ्या काढ. तिला आत घे, बसव, पाणी दे. जीपमधून आली असंल, तिलाबी आईसारखी उलटी होते. सतराशे तिच्या देखत मोजू नको, आतल्या खोलीत जाऊन भर. आणि तिनं इचारलंच तर खोटं बोलू नको, तुला जमणारबी न्हाई. स्वानंदनं खर्चले म्हणून सांग. फक्त पहिले भरून दे, मंग सांग.