नेट अडकलं होतं

बाबा, गेल्या महिन्यात घरात नवा राउटर घेतला. तुमच्या वेळी हा शब्द नव्हता. तुम्हाला कळेल असं सांगायचं तर घरात येणारी लाइन आता काचेच्या धाग्यातून येते, तो धागा जिथे संपतो तिथे ही पाटीएवढी पेटी बसते, आणि पुढचं सगळं ती तारेशिवाय घरभर पोचवते. आयुष्यभर खांबावर चढून टेलिफोनच्या तारा जोडणाऱ्या माणसाला 'तारेशिवाय' हे कसं वाटलं असतं कोण जाणे. पण मी लिहायला बसले ती त्या पेटीचं कौतुक करायला नाही. ती घेताना जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगावं हे सुचलं नाही.

तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. तिला ऐकू येत नाही, जन्मापासूनच. दीड वर्षाची असताना कळलं. तिच्या पाठीमागे कुकरची शिटी झाली, मी दचकले आणि ती तशीच वाटीतले मुरमुरे वेचत बसलेली. मग त्याच स्वयंपाकघरात आमची दोघींची भाषा तयार झाली. चिमूट चोळली की मीठ, बोटं झटकली की गरम, गालाखाली हात ठेवला की झोप. ओट्यावर बसून ती मला दिवसभराचं सगळं सांगायची आणि मला सगळं कळायचं. सहाव्या वर्षी आम्ही तिला निवासी शाळेत घातलं. पहिल्या सुट्टीत ती घरी आली ती खरी खुणांची भाषा घेऊन. दोन्ही हात, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं, आणि इतक्या वेगाने की मी नुसती बघत राहिले. शाळेने पालकांसाठी वर्ग ठेवले होते. मी दोन केले. मग माझ्या नोकरीतलं जनगणनेचं काम आलं, सासूबाईंचं आजारपण आलं, राहून गेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना भाषा शिकवते, बाबा, आणि पोटच्या पोरीशी माझी भाषा मीठ, पाणी, झोप इथेच थांबलेली.

आता ती नागपूरला कपड्यांचं डिझाइन शिकते. रोज संध्याकाळी सातला शाळेतून आल्यावर चहा झाला की मी मागच्या खोलीत मोबाइल उभा करते आणि ती तिकडून दिसते. नेट कधी चालायचं, कधी अडकायचं. ऐकू येणाऱ्याचा एखादा शब्द गेला तर अंदाज बांधता येतो, पण हाताचं बोलणं अर्ध्यात थांबलं की बोट हवेत लटकून राहतं आणि त्याचा अर्थ काही केल्या लागत नाही. तेव्हा मी दोन्ही मुठी एकमेकींवर आपटून 'अडकलं' अशी खूण करायची. ती हसायची, पुन्हा सांगायची. आणि कधी, कसं ते आठवत नाही, पण चित्र चांगलं चालू असतानाही मी ती खूण करायला लागले. तिचं बोलणं लांबलं, मला कळेनासं झालं, की 'अडकलं'. तेवढ्यापुरती सुटका. मग ती थोडक्यात काहीतरी सांगायची, जेवली, झोपते, असं, आणि ते मला कळायचं.

एका रविवारी ती खूप वेळ सांगत होती. चेहरा ओढलेला होता. मी आधी मान डोलावली, मग 'अडकलं' केलं, मग फोनच ठेवून दिला. आठ दिवस तिने कॉल केला नाही. मग मेसेज आला. लिहिलेलं मराठी ही तिला दुसरी भाषा, त्यामुळे ती तोडकं लिहिते. 'त्या रविवारी मी खूप सांगितले. आई उत्तर नाही.' मी लिहिलं, 'नेट अडकलं होतं बेटा.' तिचं उत्तर लगेच आलं. 'चांगला राउटर घे. फास्ट.'

दुसऱ्याच दिवशी मी मालेगावच्या बाजारात गेले. वाशीम रोडवरचं ते जैन काकांचं विजेच्या सामानाचं दुकान तुम्हाला माहीत असेल, तेव्हा त्यांचे वडील बसायचे. मी म्हटलं, सगळ्यात फास्ट असेल तो द्या. फळीवर एक काळी पेटी होती, सहा अँटेना उभ्या केलेली, उलटी पडलेली खेकडीच जणू. मी म्हटलं, तोच द्या.

काका म्हणाले, "मॅडम, कांड्या मोजून घेऊ नका. घर कसं हाय ते सांगा आधी."

मी सांगितलं. समोर तुम्ही बांधलेल्या दोन खोल्या, मागे आम्ही काढलेल्या दोन, मध्ये दगडी भिंत. जुनी पेटी समोरच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे.

"मंग कसं होईन? कपाट खाऊन राह्यलं ना सारं," ते म्हणाले. "हे पाहा, याच्यात दोन लहरी राहतात. एक हळू चालते पण भिंत पार करते. दुसरी लय फास्ट, पण भिंत दिसली का बसली. तुमी साधी दोन बँडची घ्या, मधातल्या खोलीत उंचावर लावा, तिथलोक वायर ओढून घ्या. अन् नळाले पाणीच कमी असन तर मोठी तोटी लावून काय फायदा? तुमच्या कनेक्शनचा स्पीड किती हाय? येते किती तेच पाहू नका, जाते किती तेबी पाहा. पोरीसंग बोलता म्हणता, बोलणं तर दोहीकून असते."

मी मान डोलावत होते. मग त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "पण मॅडम, नेमकं अडते कुठं? रोज अडते का कधी कधी? तिकून अडते का तुमच्याकून?"

बाबा, त्या दुकानात वायरच्या भेंडोळ्यांसमोर उभी असताना मला आसेगावची आजी आठवली.

तुमची बदली मंगरूळला झालेली, मी नववीत. सुट्टीचा दिवस, तुम्ही मला सायकलवर मागे बसवून आसेगावला नेता. तुमच्या खांद्यावर दोराची गुंडाळी, माझ्या मांडीवर अवजारांची पिशवी. एका आजीची तक्रार आहे, महिनाभर फोन बंद. ती ओसरीवर टेलिफोनजवळच बसलेली. "पोरगा सुरतेले राह्यते," ती सांगते, "दर इतवारी फोन करे. आता येऊनच नाही राह्यला. लाइन मेली वाट्टे." तुम्ही खांबावर चढता, तपासता, खाली येता, रिसीव्हर कानाला लावता. टोन खणखणीत आहे. मी पटकन म्हणते, "आजी, लाइन तर चालू हाय!" तुम्ही माझ्याकडे असं बघता की मी गप्प होते. मग तुम्ही भिंतीवरची डबी उघडता, पक्के असलेले स्क्रू सैल करून पुन्हा आवळता, फडक्याने पुसता आणि म्हणता, "गंज चढला होता, माय. आता येईन फोन." मुलाचा नंबर मात्र लिहून घेता. परत आल्यावर एक्स्चेंजमधून त्याला फोन लावता. "तुमच्या आईची लाइन दुरुस्त केली. टेस्टिंगसाठी एक फोन लावून द्या बरं. आजच."

वाटेत मी विचारलं होतं, "बाबा, तुमी खोटं काहून बोलले?" तुम्ही सायकल थांबवली नाही. म्हणालात, "खरं बोलाची एवढी घाई काहून वं तुले? दोष लाइनवर टाकला त लाइन रडत नाही."

ते वाक्य मी आयुष्यभर मिरवलं. शाळेत, सासरी, दहा जणांना सांगितलं असेल. पण तुम्ही लाइनला दोष दिला तो एका म्हातारीचं मन राखायला, आणि लगेच तिच्या मुलालाही गाठलं. मी लाइनला दोष देत आले ते स्वतःला लपवायला, आणि पुढे काहीच केलं नाही.

काकांना म्हटलं, तुम्ही म्हणता ती द्या. तुमच्या जावयांनी दगडी भिंतीला भोक पाडून वायर मधल्या खोलीत नेली, पेटी दरवाज्याच्या वर बसवली. खरं सांगते, चित्र इतकं स्वच्छ आलं की तिच्या नखावरचा कापडाचा रंग दिसत होता. तिलाही आनंद झाला. आता काही अडणार नाही म्हणून ती मोकळी सुटली. हात नुसते उडत होते. तोच ओढलेला चेहरा, तेच त्या रविवारचं असावं. मी अर्ध्या मिनिटात मागे पडले आणि सवयीने मुठी आपटल्या. अडकलं. वर आणखी चेहरा स्थिर करून, पापणीही न हलवता बसले.

ती थांबली. मग तिने हळूच एक बोट माझ्या डोक्याच्या वर रोखलं आणि गोल गोल फिरवलं. मला कळेना. तिने पुन्हा केलं. मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.

मला हसू आलं आणि ते हसू कुठे गेलं ते कळलं नाही. तिने कॉल बंद केला. तुमचे जावई माझ्या चहाचा कप तसाच परत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सातला तिचाच कॉल आला. तिने एकच विचारलं, छोट्या खुणेने, मला कळेल अशा. 'किती वर्षं कळत नाही?' मी बोटं दाखवायला गेले आणि हात पुरले नाहीत. ती रडली, मीही. मग डोळे पुसून तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं, सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं. तिचे एक सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात, तिला ओठ दिसत नाहीत. वर्ग सुटल्यावर मैत्रिणींच्या वह्या मागून मागून ती थकली होती. शिक्षण सोडू का, असं ती त्या रविवारी विचारत होती. माझ्या पोरीने मला एवढं मोठं विचारलं आणि मी फोन ठेवला होता.

त्या शनिवारी रजा टाकून नागपूरला गेले. ते सर तरुण होते, भले होते. ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. म्हणाले, माझ्या लक्षातच आलं नाही. मी काय बोलणार, मीही तर बावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवलं. आता ती तिथेच आहे, पुढच्या बाकावर. आणि रोज सातला मला दहा नव्या खुणा शिकवते. अजून निम्मं कळत नाही, पण आता मी 'पुन्हा सांग' अशी खूण करते. काल तीनदा केली. तिसऱ्यांदा ती चिडली. चिडलेली पोरगी बघून मला बरं वाटलं.

हा कागद शाळेच्या जुन्या हजेरीवहीत ठेवून देणार आहे. पण एक सांगायचं राहिलं, आणि लिहायला बसले ती त्यासाठीच असेन. वाशीमच्या दवाखान्यात तुमची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही डाव्या हाताने मला काहीतरी सांगत होता. खिडकीकडे, मग माझ्याकडे, मग छातीवर. मी तुमचा हात धरून म्हटलं, "हो बाबा, समजलं." तुम्ही डोळे मिटले.

मला समजलं नव्हतं, बाबा.