पापड वाचले, विहीर गेली

आबा, काल एक तरुण कंत्राटदार माझ्या टेबलासमोर बसला होता. इमारतींच्या बाहेरच्या भिंती धुणं, गिलावा, रंग, म्हणजे तुमचंच काम. धूळ उडून किंवा ॲसिडचं पाणी झिरपून शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा आता मिळतो, तो मी त्याला समजावत होते. तो म्हणाला, "मॅडम, भिंत धुतल्यानं कोणाचं काय बिघडतं?" मला आधी हसू आलं. मग पाणी प्यायचं निमित्त करून मी उठले.

तुमचं काम उन्हाळ्यातलं, आणि जळगावच्या गच्च्यांवर पापड-कुरडयाही उन्हाळ्यातच. म्हणून परांची बांधायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही दारोदार फिरायचात. "अक्का, उद्या भिंत खरवडनी शे, पापड घरमा ल्या." तुमचं काही बिघडणार नाही, असा शब्दही देऊन यायचात. आई चिडवायची, लग्नाची आमंत्रणं वाटून आले म्हणून. एका वर्षी दाळमिलच्या मागच्या भिंतीची काजळी ॲसिडनं काढायची होती. गल्लीतले पापड झाडून सगळे आत गेले. ते काळं पाणी कुणाच्या दारावरून, रांगोळीवरून जायला नको, म्हणून तुम्ही मातीचा बांध घालून ते मागच्या पडीक जागेकडे वळवलंत. त्या जागेच्या टोकाला गल्लीची विहीर होती. तुमचं सगळं लक्ष वर, गच्च्यांकडे.

दोनेक दिवसांत विहिरीचं पाणी जिभेला झोंबायला लागलं. विहिरीसमोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पापड वाचनात, विहीर गई." मी तेव्हा विमा कार्यालयात नुकतीच लागले होते आणि तुमच्या मागे लागून कंत्राटदाराची पॉलिसी मीच काढायला लावली होती. धावत साहेबांकडे गेले. मजूर पडला तर भरपाई, कुणाच्या डोक्यात वीट पडली तर भरपाई, प्रदूषण मात्र वगळलेलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही चुलीशी जेवत होतात. हातातला घास तसाच राहिला. "माणूस पडना तर भरपाई शे, पानी बिघडनं तर नही?" असं म्हणून तुम्ही माझ्याकडे असे बघता की जणू तो नियम मीच लिहिलाय. मी रडायला लागते. मग तुमचा आवाज खाली येतो. "रडू नको. कागद तुन्हा शे, शब्द मन्हा शे."

त्यानंतरचा सगळा उन्हाळा तुम्ही पंप लावून विहीर उपसत राहिलात, आणि पहाटे लोटगाडीवर पिंप लादून त्या गल्लीच्या दारोदार पाणी पोचवत राहिलात. हातातली दुसरी कामं गेली. कंबर गेली ती कायमचीच. शेवटी एके दिवशी अक्कांनी तुम्हाला आत बोलावून त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा पाजला. त्या दुपारी तुम्ही घरी येऊन गाढ झोपलात, आणि आईनं आम्हाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.

पुढे नोकरीत मी प्रदूषणाचीही भरपाई देणारी नवी पॉलिसी किती जणांना दिली असेल. प्रत्येकाला सांगते, पाणी खाली कुठे जातं ते आधी बघा. माझ्या वडिलांच्या वेळी असा विमा असता तर त्यांची कंबर वाचली असती, असंही सांगते. ते खरंच आहे. पण आबा, तो विमा असता तर टँकर आला असता, सर्व्हेअर आला असता, आणि तुम्ही परांची सोडून पुढच्या कामाला गेला असतात. लोटगाडी ढकलणारे, घामानं निथळणारे, प्रत्येक दारात मान खाली घालून उभे राहणारे तुम्ही मला कधी दिसलाच नसतात. माझे वडील कोण होते ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. म्हणून तो विमा तेव्हा नव्हता याचा मला मनातून आनंद होतो. तुम्ही होतात तोवर तुमच्या वाकलेल्या कंबरेकडे बघून हे मला कधीच बोलता आलं नाही.