मायचा डावा पाय

माय, आज भाकरी करताना तव्याचा चटका बसला आणि मी हात झटकन मागं घेतला. तुला तेवढंही कळलं नव्हतं. कमठाण्याच्या घरात तू चुलीपुढं बसलेली, निखारा डाव्या पायाला लागलेला, आणि तूच मला विचारलंस, "काय जळायलंय गं?" नंतर हळद लावून तशीच कामं करत राहिलीस. करंगळी काळी पडली, ताप चढला, तेव्हा अप्पांनी तुला गाडीत घालून बिदरच्या दवाखान्यात आणलं. तुला साखर आहे, हे तिथंच कळलं. सर्जनसाहेब म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल बहुतेक. मी रडू लागले, तर तू माझ्यावरच डाफरलीस. "कामून रडायलीस? अजून हाय की जागेवर."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घोट्यापाशी बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. मग साखरेच्या डॉक्टरांना बोलावलं, मलमपट्टी करणाऱ्या कानडी अक्कांना बोलावलं, महारोग्यांसाठी चपला करणाऱ्या अण्णांनाही. सगळे तुझ्या खाटेभोवती. "रक्त पोचतंय खाली. पण एकट्याच्यानं होणार नाही, सगळ्यांनी मिळून बघू." साहेब म्हणाले आणि अप्पांकडे वळले. "यांनी पाय जमिनीला टेकवायचा नाही. घरातलं कोण करतं?"

"हीच करती की."

"आता तुम्ही करायचं."

करंगळी गेली, पाय राहिला. मला अजून दिसतं, जन्मात तवा न धरलेले अप्पा परातीपुढं मांडी घालून बसलेत आणि तू खाटेवरून ओरडायलीस, "पाणी कमी घाला की वो!" भाकरी कडेला फाटायची. तू तीच मागून घ्यायचीस. संध्याकाळी ते तुझे पाय मांडीवर घेऊन एकेक बोट फाकवून नवी जखम नाही ना ते बघायचे, तू लाजून पदर तोंडावर ओढायचीस. "नवरा पाय धरायलाय, लोक काय म्हणतील!"

"म्हणू दे. डाक्टरानं काम दिलंय मला."

जखम भरेपर्यंत उन्हाळा सरला. अक्का दर खेपेला पट्टी सोडताना कानडीत रागवायच्या आणि जाताना तुझ्या गालावरून हात फिरवायच्या. अण्णांनी मऊ रबराच्या चपला केल्या. त्या घालून तू माझ्या लग्नात मांडवभर फिरलीस. पुढं कितीतरी वर्षांनी गेलीस, तीही शेतातून आपल्या पायांनी घरी येऊन, अंगणात जरा टेकलीस तेव्हा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. गेल्या महिन्यात मलाही साखर निघालीय, माय. घरात अजून कुणाला बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा सांगितलं.