पांजणीसाठी आठ माणसे मिळण्याबाबत

सोलापूर, ता. ११ डिसेंबर १९३४

प्रति,
मे. चिटणीससाहेब,
स्थलांतरित-इतिहास साहाय्यक निधी समिती,
सोलापूर.

अर्जदार: नरसय्या मल्लय्या गुंडेटी, वय अदमासे ५७, धंदा हातमाग, राहणार साखर पेठ.

विषय: बाहेरून येऊन वसलेल्या विणकरांची वाटचाल जतन करण्यासाठी आठ माणसांच्या मजुरीची मदत मिळण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ: आपले नामंजुरीचे पत्र, ता. २६ नोव्हेंबर.

सोबत: तपासनीसांच्या अहवालाची नक्कल, खोडायच्या शब्दाखाली रेघ मारून.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, बाहेरून येऊन सोलापुरात वसलेल्या लोकांनी आपला इतिहास जतन करावा व इतरांस सांगावा, त्यास निधीतून मदत मिळेल, अशी आपली जाहिरात होती. ती मी शेंगदाण्याच्या पुडीवर वाचली, म्हणून माझा पहिला अर्ज मुदतीनंतर आला. त्याबद्दल आपण दिलेली समज मला पोचली.

२. आमची माणसे मोठ्या दुष्काळात निजामाच्या मुलखातून चालत आली. ती वाट कोणी लिहून ठेवलेली नाही. ती पांजणीत आहे. पांजणी म्हणजे काय, असे आपण विचारले आहे, म्हणून सांगतो. मागावर चढवण्याआधी ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत गल्लीत चाळीस हात लांब पसरतात, त्याला ज्वारीच्या पिठाची खळ लावतात, आणि चार माणसे या अंगाला, चार त्या अंगाला, अशी कुंचे फिरवीत टोकापर्यंत जाऊन परत येतात. दर फेरीच्या सुरुवातीला एका मुक्कामाचे नाव घ्यायचे आणि तिथली हकीकत सांगायची, अशी आमच्या गल्लीची चाल. सोलापुरापासून निघून मागे मागे जायचे, ते मूळ गावापर्यंत. सांगणारी बाई पुढे आणि नाव उचलून धरणारे मागे. वीस फेऱ्यांत खळ पुरी होते आणि गावही येते.

३. आता बाजारात खळ दिलेले तयार ताणे मिळतात. निम्मी गल्ली गिरणीत आहे. भोंगा झाला की जाते आणि आली की निजते. त्यांना मी दोष देत नाही, पोट कोणाला चुकले आहे! पण एका पांजणीला आठजणांचा रोज बुडतो, तो कोणी कसा बुडवावा? सात वर्षांत आमच्या गल्लीत पांजणी झाली नाही, म्हणजे सात वर्षांत ती वाट कोणी सांगितली नाही. सांगणाऱ्या पाचजणींपैकी चारजणी गेल्या. उरली एक ईरम्मा.

४. यात अर्जदाराचा खाजगी हितसंबंध आहे काय, असे आपण विचारता. आहे. मी त्या वाटेतच जन्मलो. कोणत्या गावी, ते मला ठाऊक नाही. बाप वाटेत गेला, आई येथे येऊन दीड वर्षात गेली. ईरम्मा तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि त्यांच्याबरोबर चालत होती. आता कोणी म्हणेल, इतक्या पांजण्या झाल्या तेव्हा हा गडी काय करीत होता? तर मी अंगाने दांडगा, म्हणून मला नेहमी दूरच्या टोकाला दोरी ताणून धरायला उभे करीत. सांगणारी हळू बोले, तिथवर ऐकू येत नसे. मी विचारलेही नाही. रोजचीच गोष्ट, उद्या ऐकू, असे म्हणता म्हणता केस पिकले. ही चूक माझी आहे, समितीची नाही. बायकोही गेली, मूलबाळ नाही. तू कुठला, असे विचारणारेसुद्धा घरात कोणी नाही, तरी अलीकडे मीच मला विचारीत असतो.

५. आपले तपासनीस रा. रा. बसलिंगप्पा येऊन गेले. त्यांनी खुर्ची मागितली, ती शेजारून आणली. पेन्सिल काढून त्यांनी ईरम्मेस सर्व हकीकत क्रमवार सांगण्यास फर्मावले. ती म्हणाली, “बसून कसं सांगू सायेब? चालल्याबिगर मला आटवत न्हाय. आठ माणसं उबी करा, मग सांगते की.” यावर अहवालात “वृद्धेने असहकार केला” असा शेरा आहे. कृपया तो शब्द खोडावा. सोलापुरात अशा शब्दावरून माणसे आत गेली आहेत, आणि ईरम्मा बहात्तर वर्षांची आहे.

६. मजुरी विणकामाची असेल तर ती दुसऱ्या कचेरीकडे मागावी, आणि इतिहासाची असेल तर त्यास कुंचे कशाला, असे आपले म्हणणे. दुसऱ्या कचेरीत मी जाऊन आलो. त्यांनी आपल्याकडे पाठवले. मूळ गावच्या पाटलाचा दाखला जोडावा, असेही आपण कळवले आहे. साहेब, ते गाव कोणते हे कळावे म्हणूनच हा अर्ज आहे. शिवाय दुष्काळात निघालेल्या माणसाने पाटलाचा दाखला घेऊन निघावे, अशी त्या वेळी चाल नसावी.

७. अखेर २ डिसेंबरच्या रविवारी मी घरातले सूत काढून एकट्याने पांजणी मांडली. ईरम्मा काठी टेकीत पुढे, मी कुंचा घेऊन मागे. आठांचे काम करताना मी या अंगाचा त्या अंगाला धावत होतो. लोक दारांतून बघत होते. कोणी हसलेसुद्धा नाही, हे मला जास्त लागले. पहिल्या फेरीला होटगी आले, मग अक्कलकोट, मग दुधनी, चौथ्या फेरीला गाणगापूर. तेव्हा ती तेलुगूत म्हणाली, पुढच्या फेरीला तू झालास. तेवढ्यात मागची खळ वाळली, सूत एकमेकांना चिकटले आणि तुटू लागले. तुटल्या धाग्यावरून वाट पुढे नेत नाहीत. मी धागे सांधीपर्यंत ऊन वर आले आणि ती दमून उंबऱ्यावर बसली. त्यानंतर तिला मी रोज बसल्या जागी विचारतो. ती होटगीपासून सुरू करते आणि दुधनीपाशी माझ्या तोंडाकडे बघत राहते. शुक्रवारपासून ती भाकरी अर्धीच खाते.

८. सबब अर्ज बदलून असा की, मजुरी मंजूर होत नसेल तर राहू द्यावी. कचेरीच्या पाटीवर समितीचे सभासद सात लिहिले आहेत. आठवा मी. या आठवड्यातल्या कोणत्याही सकाळी सर्वांनी मिळून यावे. कुंचे मी घरोघर मागून जमवले आहेत. धोतराला खळ लागते, तरी जुने नेसून यावे. तेलुगू येत नसले तरी चालेल. ईरम्मा नाव घेईल ते तिच्यामागे म्हणायचे, एवढेच. आपण थोर माणसे, मी कोण, हे मला कळते. पण ज्यांना बोलवावे अशी दुसरी माणसे मला उरलेली नाहीत. पाचव्या फेरीला मला रडू आले तर कोणी थांबू नये, कुंचे चालू ठेवावेत. खळ लगेच वाळते.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,

नरसय्या मल्लय्या गुंडेटी
सही दस्तुरखुद्द