सोमवारी मेलेली बॅटरी

२७ ऑक्टोबर, सोमवार

मीठ वाढ म्हणावं इतक्या सहज म्हणाले आण्णा! ताटातून मान वर न करता.

"दिवस ल्हान झालं. गाडीला उजेड न्हाय. आता शिकवणी बास."

जूनपासून कागलच्या एमआयडीसीतल्या अकरा बायकांना दहावीचं शिकवते. साडेपाच ते सात, कामावरून सुटल्यावर. कोणी पॅकिंगला, कोणी कॅन्टीनला. मार्चमध्ये परीक्षा. आणि माझ्या वडिलांना काय दिसतं, तर गाडीचा हेडलाइट. त्यांची स्वतःचीच जुनी गाडी, आता ती मी चालवते.

मी म्हटलं, "उजेडाचाच प्रश्न असेल तर उजेड मी करते."

"कर की. नोव्हेंबर संपूस्तोवर टाईम दिला. न्हाय झालं तर चावी हितं ठेवायची."

ऋतुराज फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "आक्का आता सूर्य बसवणार गाडीला." माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बारावीला दोनदा आपटलेला — आणि तो माझी चेष्टा करतो!

आई गप्प. ती नेहमीच गप्प. मला सगळ्यात जास्त वीट त्याचा येतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी गाडी उघडून नीट बघितली. शंभर सीसी, वयाने माझ्यापेक्षा थोरली. हेडलाइट बॅटरीवर नाहीच, थेट इंजिनच्या कॉइलवर आहे. इंजिन जोरात फिरलं तर उजेड, हळू झालं की काजवा. म्हणजे खड्डा आला की मी हळू करणार, आणि हळू केलं की तोच खड्डा दिसणार नाही. आण्णांनी यावर वीस वर्षं फौंड्रीची पाळी केली. कशी, देव जाणे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आकाराम मिस्त्रीच्या गॅरेजला गेले. अंगाची लाही झाली नुसती. बाकड्यावर तीन रिकामटेकडे. एकजण मावा थुंकायचा तो माझ्या पायापासून हातभर अंतरावर.

मिस्त्री म्हणाला, "ताई, आण्णास्नी पाठवा. त्यास्नी सांगतो काय ते."

"मला सांगा. गाडी मी चालवते."

तिघं हसले. मिस्त्रीही हसला. मग डब्यातून एक बल्ब काढला. म्हणे शंभर वॅटचा, ट्रकवाले लावतात, रात्रीचा दिवस होतो.

मी म्हटलं, "कॉइल जेमतेम साठ वॅट देते. शंभर येणार कुठून?"

"ते पुस्तकात वो. गाडीत बसतंय."

आणि मी बसवू दिला! माहीत असून! का, तर त्या बाकड्यासमोर अजून एक मिनिट उभं राहायचं नव्हतं. तीन वर्षं फिजिक्स शिकले ते कशासाठी? मिस्त्रीपेक्षा स्वतःचीच शिसारी येतेय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

परत येताना गोकुळ शिरगावच्या अलीकडे जळका वास. होल्डर वितळून बल्बला चिकटला. उजेड पहिल्याहून कमी! मोबाईलचा टॉर्च ओढणीने गळ्यात बांधला आणि वीसच्या वेगाने घरी आले. मागून येणारा प्रत्येकजण हॉर्न मारून शिवी देऊन पुढे. समोरून येणाऱ्यांचे पांढरे फक्क दिवे थेट डोळ्यात. कपाळावर दिवा लावून हिंडणारी माणसं! आपल्याला दिसलं की बास, समोरचा मेला तरी चालेल.

आण्णा दारात उभे. घड्याळाकडे बघून आत गेले.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज गाडीची सगळी वायरिंग सोडवली. ही गाडी मधली दोन वर्षं ऋतुराजकडे होती. त्याने काय काय लावून ठेवलंय! खाली निळी पट्टी, तीन सुरांचा हॉर्न, मोबाईल चार्जर, मागच्या नंबरप्लेटला लुकलुकणारे वाघाचे डोळे. साठ वॅटच्या गाडीवर हा वरातीचा रथ! सगळं उपटलं. चिकटपट्टीचा काळा डिंक अजून नखांत आहे, त्याला घामाचा वास येतो.

"माझी आठवण म्हणून तरी पट्टी ऱ्हाऊ दे की आक्का."

"तू मेलायस का?"

यावर आई मात्र हसली.

टाकीखाली वायरींचा अजून एक जुडगा आहे. तो नंतर.

३ नोव्हेंबर, सोमवार

उद्यमनगरात झुंबरबाईंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नवऱ्यामागे त्याच चालवतात. हात कोपरापर्यंत वार्निशने पिवळे. मी वहीत आकृती काढून नेली होती. गाडीच्या कॉइलचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे विजेची अर्धी लाट वायाच जाते. ते टोक सोडवून दोन्ही टोकं बाहेर काढली आणि चांगला रेग्युलेटर लावला तर पूर्ण लाट हाताला लागते. कॉइल तीच, इंजिन तेच.

झुंबरबाईंनी वही लांब धरून बघितली.

"चित्र झ्याक हाय. कधी केलंयस?"

"प्रॅक्टिकलला... टेबलावर."

"गाडीत?"

"नाही."

"मग वही ठेव आन् पक्कड घे. मी धरतो, तू सोडव."

तीन तास. दोनदा बोट भाजलं. त्या एकदाही हसल्या नाहीत, "आण्णास्नी पाठव" म्हणाल्या नाहीत. निघताना एवढंच — "डिग्री कामाला आली म्हणायची."

या महिन्यात पहिल्यांदा कोणाची किळस आली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

झालं! नवी बॅटरी, वीस वॅटचा एलईडी, हेडलाइट आता बॅटरीवर. गाडी उभी असली तरी उजेड तेवढाच. समोरच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि झोत तिच्या खाली आणेपर्यंत दिवा हलवत राहिले. मला दुसऱ्याच्या डोळ्यात जायचं नाही.

आण्णा बाहेर आले. झोतात हात धरून उलटासुलटा करून बघितला.

"झाला की उजेड."

बास. जिंकले मी!

१० नोव्हेंबर, सोमवार

बॅटरी मेलेली. नवी कोरी बॅटरी! किक मारून गाडी चालू झाली, पण लाईट मिणमिणती.

आकाराम मिस्त्रीकडे चार्जिंगला ठेवावी लागली. "ताई, पुस्तकातली बॅटरी आणलीय काय?" बाकडं हसलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर काही झालं नाही. लाईट झकास. वर्गातल्या बयाबाईला आज पहिल्यांदा समीकरण सुटलं, उभी राहून टाळ्या वाजवल्या तिने स्वतःलाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा मेली! आण्णा चहा पिता पिता म्हणाले, "तेरा दिवस ऱ्हायलं." मोजतायत. मुलीच्या हरण्याचे दिवस मोजतायत.

बॅटरीवाला म्हणतो तुमची वायरिंग. मिस्त्री म्हणतो तुमची डिग्री.

पण सोमवारीच का? शनिवार-रविवार शिकवणी नसते, गाडी उभी असते. म्हणजे चावी बंद असताना उभ्या गाडीत कोणीतरी वीज पितंय. रोज चालवली की भरून निघते, दोन दिवस उभी राहिली की संपते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार



कॉलेजमधल्या मैत्रिणीचा मल्टिमीटर आणला. चावी बंद, तरी साठ मिलिअँपिअर. एकेक वायर सोडवत गेले. टाकीखालचा तो जुडगा सोडवला आणि काटा शून्यावर.

सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेली काळी डबी. काडेपेटीएवढी. आत हिरवा ठिपका लुकलुकत होता. मला वाटलं इंडिकेटरचा फ्लॅशर असेल. पाठीवरचा नंबर फोनवर शोधला.

गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र. आत सिमकार्ड.

माझ्या गाडीत. माझ्या पायांमध्ये. जूनपासून!

ऋतुराजला कॉलर धरून उठवलं.

"मी न्हाय लावलं! आकाराम मिस्त्रीनं लावलं. मी फक्त सिम आणून दिलं."

फक्त! "कोणी सांगितलं?"

तो स्वयंपाकघराकडे बघायला लागला.

आई भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "तू शिकवणी धरलीस तवा आण्णा न्हाईच म्हणत व्हते. मी म्हटलं, ती कुटं हाय ते मी फोनात बघतो, तुमास्नी सांगतो. तवा बरं म्हणाले."

तवा बरं म्हणाले! जूनमध्ये मी आण्णांना तासभर समजावलं होतं. शिक्षणाचं महत्त्व, अकरा बायका, समाज. ते "बरं" म्हणाले तेव्हा मी रडले होते आनंदाने. ते बरं माझ्या बोलण्याला नव्हतंच.

आणि रोज मी दारात आले की तव्यावर भाकरी फुगलेली असते. मला वाटायचं आईला कळतं. थू! नकाशात बघून थापत होती.

मी कटरने वायर तोडली तिच्यासमोर. ती एवढंच म्हणाली, "काढलंस ते काढलंस. आण्णांच्या कानावर घालू नको."

भित्री. आयुष्यभर भित्री. जेवले नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मिस्त्रीचं हसणं आज कळलं. मी तिथे वॅट आणि लाटा सांगत उभी होते आणि त्या बाकड्यावर प्रत्येकाला माहीत होतं माझ्या टाकीखाली काय आहे. गॅरेजवरून जाताना मान वळवली. तेल, मावा, जुनं रबर — तो वास कपड्यांना लागलाय असं वाटतं.

वर्गात न राहवून सांगून टाकलं. वाटलं होतं बायका चिडतील.

बयाबाई म्हणाली, "तुमचं बरं हाय की बाई, डबी गप तरी बसत्या. माझा ल्योक दिसातनं तीनदा व्हिडिओ कॉल करतोय. म्हागं कॅन्टीनची भिंत दिसली पायजे म्हणून."

सगळ्या खदखदून हसल्या. मला हसता आलं नाही. हसून हसूनच तर चाललंय हे सगळं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आई खालच्या नळावर गेली तेव्हा तिचा फोन उघडला. (मीही तेच केलं. लिहून ठेवते, नंतर नाकबूल व्हायला नको.)

नकाशावर लाल ठिपका. आमच्या घरावर. शेवटची नोंद ११ ऑगस्ट!

ऋतुराजला विचारलं. "रिचार्ज संपलं असंल. जूनमध्ये दोन महिन्यांचं मारलेलं, म्होरं कोण मारतंय?"

म्हणजे ऑगस्टपासून ती डबी कोणाला काही कळवत नव्हती. नुसती वीज पीत होती. यांना धड पाळतसुद्धा ठेवता येत नाही! त्या मेलेल्या डबीपायी मी दोनदा बॅटरी भरून आणली, मिस्त्रीचे टोमणे ऐकले. सगळ्याचाच वीट आलाय. मार्च झाला की नोकरी बघून हे घर सोडणार.

आईशी तीन दिवस बोलले नाही. तीही बोलत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बॅटरी जिवंत. लाईट सरळ.

कंपनीत ओव्हरटाइम लागला, बायका आल्याच नाहीत. लगेच परत फिरले. गल्लीत पाइपलाइनचा चर खणलाय म्हणून गाडी तोंडाशीच बंद केली आणि ढकलत आणली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पोचले तेव्हा सव्वासहा झाले असतील. आतून आण्णांचा आवाज —

"हाय न्हवं वर्गात?"

"व्हय की. ठिपका तितंच हाय." आईचा हात थापतच होता. फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. त्याची स्क्रीन काळी. "सात वाजता सुटल. साडेसातला गोकुळ शिरगाव. मग मी सांगतो की तुमास्नी. रोज सांगतो न्हवं?"

"बरं," आण्णा म्हणाले.

गाडी आवाज न करता मागे घेतली, पार वळणापर्यंत. पावणेआठ, म्हणजे माझी रोजची वेळ, होईपर्यंत अंधारात उभी राहिले. मग किक मारली आणि घरी आले.