भांगाचा रविवार

१२ मे १९९२, मंगळवार
गाडी आली. पिकअप, फोर व्हील ड्राइव्ह, लिलावात घेतलेली. अख्ख्या डोंबिवली वेस्टमध्ये अशी दुसरी नसेल. उत्तराने खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, हिच्यात बसायचं की हिला ढकलायचं? लग्नाला अठरा वर्षं झाली, यंत्रातलं अजून काही कळत नाही तिला.
गाडीत दोन दांडे. मोठा नेहमीच्या गिअरचा. छोट्याचे चार मुक्काम: टू हाय, फोर हाय, न्यूट्रल, आणि शेवटी फोर लो. लो म्हणजे हत्तीची ताकद, मुंगीची चाल. मुठीवरची अक्षरं झिजून गेलीत. हरकत नाही. वागळे इस्टेटमध्ये चौदा वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे, हाताला कळतं.

१४ मे, सकाळी
लो लागत नाही. नुसतं कर्रर्र. इंजिन थंड होतं.

१४ मे, संध्याकाळी
इंजिन गरम होतं. म्हणून नाही लागला.

१७ मे, रविवार
कोपरच्या खाडीवर गेलेलो. धाकू कोळी भेटला. त्याची बायको सगुणा आमच्याकडे दारावर मासळी आणते, त्यामुळे ओळख. त्याची होडी धक्क्याच्या उताराखाली चिखलात पडलीय. तळाची एक फळी गेलीय, तरंगत नाही. उधाणाच्या आत वर काढून दुरुस्त करायची म्हणे. दरवर्षी कोळीवाड्यातली वीस माणसं दोराने ओढतात, मग सगळ्यांना जेवण. मी म्हटलं, माणसं नकोत, जेवणावळ नको. मी आणि माझा लो, पुरे. धाकू गाडीकडे बराच वेळ बघत राहिला. भारावला असावा. मग म्हणाला, होरी फुटली त आमचा घर बसला, साहेब. मी म्हटलं, जबाबदारी माझी.
निश्चय: आठवड्याभरात लो.

१९ मे
मारुती मिस्त्रीला सहज दाखवली. सहजच. तो म्हणे, गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा, मोठा दांडा न्यूट्रलला, मग छोटा ओढायचा. दात जुळले नाहीत तर फर्स्ट टाकून क्लच किंचित सोडायचा, परत प्रयत्न. हे मला माहीतच होतं. पुढे म्हणे, आतला रॉड वाकलाय, एक दिवस गाडी ठेवा. आणि छोटा दांडा अर्ध्यात न्यूट्रलला राहिला, तर वर कुठलाही गिअर टाका, गाडीला धरणारं काही नाही, उतारावर सरळ गडगडेल. हे मिस्त्री लोक आधी घाबरवतात, मग बिल करतात. गाडी परत आणली.

२१ मे
धक्का बसला. धाकू घरी आलेला. म्हणतो, येत्या रविवारी भांग हाय, भांगान वढू. भर दिवसा, माझ्या दारात, एवढा पोक्त माणूस! मी शांतपणे सांगितलं, असल्या अवस्थेत मी माझ्या गाडीमागे कुणाला उभं करणार नाही, आपण त्याच्या पुढच्या रविवारी ओढू. त्याचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी नको, साहेब, नको, असं दोनदा म्हणाला. व्यसन वाईट.

२४ मे, रविवार
गाडीखाली दीड तास. ग्रीस डोळ्यात. लो नाही.
दुपारी सगुणा येऊन गेली. पाणी कसं निवांत होतं, धाकू सकाळपासून धक्क्यावर बसलाय, म्हणाली. शुद्धीत आहे का, हे मी आतूनच विचारलं. ती टोपली उचलून निघून गेली.

२६ मे
उत्तराने सगुणाकडून खुलासा आणला. भांग म्हणजे प्यायची नव्हे. अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी धक्क्यावर चढतं. येत्या रविवारी अमावस्या आहे.
एवढी साधी गोष्ट माणसाने प्रमाण मराठीत सांगू नये?
उत्तरा म्हणाली, उद्याच रजा टाका, नाहीतर त्यांना माणसं बोलवू द्या. रजा अशक्य, ऑडिट आहे. आणि माणसं बोलवायची तर मी कशाला? लो अजून लागत नाही, पण त्याचा इथे संबंध नाही.

२८ मे
ऑफिसातून येताना धक्क्यावर उतरलो. परवा कोरडे होते ते दगड ओले. होडीखाली पाणी शिरलेलं, ती चिखलात एकसारखी कण्हल्यासारखी वाजत होती. धाकू तिला दोर बांधत होता. म्हणाला, आइतवारी आखा कोलीवारा लग्नाला उरनला जानार, उद्याचे दिस हायेत, हाक मारू का? माझ्या तोंडावर हो आलेलं. पण चारचौघांत नाही म्हणालो. आवाज चांगला खणखणीत लागला.
रात्री जेवण गेलं नाही. आमटी आंबट होती.

३० मे, सकाळी ७
लागला! लागला! छोटा दांडा लोण्यासारखा गेला, कर्रर्र नाही, काही नाही. फर्स्ट टाकला, क्लच सोडला, इंजिन एकदम शांत. गाडी हलली नाही. लोमध्ये चाल इतकी सावकाश असते की डोळ्यांना दिसत नाही. मारुतीने ऐकलं, तर म्हणतो, साहेब, हात जोडतो, तो लो नाही. मत्सर.

३१ मे, रविवार. अमावस्या
साडेनऊला पोचलो. पाणी आधीच चढायला लागलेलं, आवाज न करता. कोळीवाड्यात कुत्रीसुद्धा दिसेनात. आम्ही चौघं: मी, धाकू, सगुणा, आणि त्यांचे म्हातारे शेजारी दामाजी. ते सारखे पाण्याकडे बघत होते.
होडीचा दोर गाडीच्या मागच्या हुकाला बांधला. फोर हायमध्ये अर्धा उतार चढलो. होडी चिखलातून सुटली, ओंडक्यांवर आली. धाकू हसला. मग चाकं घसरायला लागली, क्लचचा वास आला. ब्रेक दाबून थांबलो. म्हटलं, आता लो. दांडा ओढला. कालच्यासारखाच, अलगद. धाकूने होडीमागे अडसर लावलेला. मी ओरडून सांगितलं, काढ तो, लो लागलाय. त्याने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. आणि काढला.
मी ब्रेकवरचा पाय उचलला.
इंजिन ओरडत होतं आणि आम्ही मागे चाललेलो. हँडब्रेक नावाला आहे. धाकूने उडी मारली म्हणून वाचला. होडी धक्क्याच्या कडेवर आदळली, मधोमध. तो आवाज लिहिता येत नाही. गाडी मागच्या चाकांनी चिखलात रुतून थांबली. बाराच्या सुमारास पाणी होडीवरून गेलं. सगुणा कमरेएवढ्या पाण्यात तुटलेला दोर धरून उभी होती, दामाजींनी तिला ओढून आणलं. कुणीतरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

१ जून
ऑफिस. ऑडिट पुढे ढकललंय.

२ जून
लग्नाची माणसं परतली. ओहोटीला वीस जणांनी माझी गाडी दहा मिनिटांत वर काढली. मी जेवणाचं विचारलं. नको म्हणाले.

४ जून
मारुतीने रॉड सरळ केला, एक पिन बदलली. अर्धा तास. मैदानावर लो लावून दाखवला. गाडी खरोखर मुंगीसारखी चालली. हालचाल डोळ्यांना दिसते.

७ जून, रविवार
सकाळी धाकू आला. मी बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरलो. तो भांडायला आला नव्हता. आवंदा चुलतभावाचे होरीवर जानार, म्हणाला. मग विचारलं, होरीच्या फल्या घरी टाकाल का गारीतून? पावसाआधी. जलनाला होतील.
गेलो. दोघांनी मिळून भरल्या. धाकू मागे बसला, फळ्यांवर हात ठेवून. उतार सेकंड गिअरमध्ये चढला. छोट्या दांड्याला हात लावावा लागला नाही. वजन तसं काहीच नव्हतं.