कस्तुरीचं लॉगिन

३ मार्च, सोमवार

काय बघताय? डायरी माझीच आहे. पहिल्या पानावर नाव आहे, वाचा: राजेश्वरी. आणि सांगलीत एकटी राहून काय दिवे लावणार, हे आता मला कुणीही विचारायचं नाही. आले मी. रहिमतपूरपासून तीन तास, खिडकीची जागा मिळाली, मजेत आले.

कंपनी बेदाण्याची. आवारात शिरलं की गोड-आंबट वास. मालक धन्यकुमार शेठ. भाऊ वेगळे झाले, कंपनीचं नाव बदललं, म्हणून मला नेटवर्कचं डोमेन बदलायचंय. डोमेन म्हणजे कंपनीचं आडनावच समजा. सगळी मशिनं, सगळ्यांचे मेल त्याखाली. नवा मेल सर्व्हर यायच्या आधी हे व्हायला हवं, कारण तो एकदा बसला की नाव हलत नाही. मानसिंगकाका फौजेतून रिटायर होऊन इथलं ऑफिस सांभाळतात. ते म्हणाले, "म्हंजे कॉम्प्युटरचं लगीनच की गं! म्हायेरचं नाव काढायचं, सासरचं लावायचं." दोघंही लय हसलो.

५ मार्च

मला अजून लॉगिन नाही. नवीन खातं उघडायला शेठची सही लागते आणि शेठ तासगावला. काका म्हणाले, दोन दिवस कस्तुरीचं वापर. ती माझ्या आधी या खुर्चीवर होती. इथं कुणी गेलं तरी खातं बंद करत नाहीत, पुढच्याला देतात. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला. खुर्चीवर तिची उशी आहे. माझ्या पाठीला बरोबर बसते.

१० मार्च

एकशे चौदा माणसांची यादी, शेठच्या सहीची. रोज वीसेक मशिनं जुन्या नावातून काढते, नव्यात घालते, बंद करून चालू करते. माणूस स्क्रीनवर आपलं नाव बघतो आणि चहाला निघून जातो. मला कुणी चल म्हणत नाही. डबा सर्व्हरच्या खोलीत खाते. पंखे घरघरतात, तेवढीच सोबत. आठवडा झाला, कुणी नावानं हाक मारली नाही. मेल कस्तुरीच्या नावानं जातात, उत्तरं कस्तुरीला येतात.

१२ मार्च

आज केक कापला. सिस्टिमनं सकाळी सगळ्यांना मेल टाकला, कस्तुरीचा वाढदिवस. सगळे माझ्या टेबलाशी गोळा. माझा श्रावणात असतो, असं मी सांगत होते, पण टाळ्या चालूच. शेठनी स्वतः घास भरवला, म्हणाले, चौदा वर्षं झाली तुला इथं.

मी चोवीस वर्षांची आहे.

केक खाल्ला. खरं सांगू? बरं वाटलं.

१७ मार्च

शेठ परतले तरी सही मिळेना, म्हणून मीच राजेश्वरी नावाचं खातं उघडलं, जुन्या डोमेनमध्ये. नव्यात न्यायला गेले तर उत्तर आलं, असं कुणी नाही. तीनदा केलं, तीनदा तेच. एकशे चौदा गेले, मी मागं. शेठकडं गेले. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, म्हणाले, आहेस की, सव्वीस नंबरला.

सव्वीसला कस्तुरी.

१८ मार्च

सुलाबाई चहा देतात, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. त्यांना विचारलं, कस्तुरी गेली कुठं? "कुटं जातीया? ही काय बसलीया!" म्हणून हसल्या. मग कप उचलताना हळूच म्हणाल्या, "आलीस तवा येगळं नाव हुतं व्हय तुझं. आदीच्या पोरीचं बी हुतं. तिच्या आदीचीचं बी. ऱ्हातंय का ध्यानात?"

१९ मार्च

कस्तुरीचे जुने मेल उघडले. २०१५चा एक. २०१९चा एक. गेल्या वर्षीचा एक. तिन्ही शेठला. तिन्ही एकच:

मला माझं स्वतःचं लॉगिन हवंय. मी कस्तुरी नाही, माझं नाव

पुढं काही नाही. खाली सही, कस्तुरी.

सतरा तारखेला मीही एक पाठवला होता. उघडला नाही. उघडणार नाही —

२० मार्च

आईचा फोन. म्हणाली, कस्तुरे, जेवलीस का गं?

जेवले म्हणाले.

२१ मार्च

अकराला जुनं डोमेन कायमचं बंद. बाराला नव्या सर्व्हरची माणसं येणार. शेठना म्हटलं, एक दिवस थांबा. ते म्हणाले, कस्तुरी, तारीख तूच दिलीस. माझं नाव फक्त त्या जुन्यात आहे. दुसरीकडं कुठंच —

दहा चाळीस. बटण मी दाबायचं होतं. नाही दाबलं. काका म्हणाले, मग मी दाबतो पोरी, त्यात काय.

दहा पन्नास. गेटबाहेरच्या कट्ट्यावर. स्टँडवर जाते. घरी. पहिलं पान मी बघत नाही, भीती — तुम्ही बघा. डायरी इथंच ठेवते. तिथं जे नाव असेल ते मोठ्यानं वाचा, आतल्यांना ऐकू जाईल असं. नाही, मला काही सांगू नका. मी थांबत नाही, निघाले —

सुलाबाई गेटातून हाका मारतायत. कस्तुरी, ए कस्तुरी, डबा ऱ्हायला गं —

वळायचं नाही. वळायचं ना —

ओ, आले, सुलाबा